ऑइल कॅप : एका झाकणावरची दोन मते

इंजिनाच्या माथ्यावरचे, तेलाच्या बुधलीचे चित्र उमटवलेले झाकण म्हणजे ऑइल कॅप. बहुतेक मोटारींत ती टॅपेट कव्हरवर बसते, काहींत तिथून वर आलेल्या आखूड नळीवर. तेल ओतायची वाट बंद ठेवणे हे तिचे उघड काम. शिवाय खाली गरगरणाऱ्या कॅमशाफ्टने उडवलेले गरम तेल ती आत राखते, आणि इंजिनाच्या पोटातली हवा व बाहेरची हवा यांची गाठ पडू देत नाही. हे तिसरे काम फारसे कुणाला ठाऊक नसते, आणि ऑइल कॅपवरून होणारे बहुतेक वाद शेवटी तिथेच येऊन ठेपतात.

कॅप साधारणपणे काचतंतू घातलेल्या नायलॉनची असते. ती एक तर आट्यांवर फिरते किंवा पाव फेऱ्यात खटकन अडकते. तिच्या पोटाशी रबराची चकती किंवा ओ-रिंग असते. गॅरेजमध्ये दोन्हींना पॅकिंगच म्हणतात. नायलॉन सहसा गाडीइतके टिकते, पॅकिंग टिकत नाही. साधे नायट्राइल रबर शंभर अंश सेल्सिअसच्या वर तासन्‌तास तापत राहिले की कडक होत जाते, चपटते, आणि दाब निघाल्यावर पुन्हा फुगायची त्याची ताकद संपते. फ्लुओरोरबर दोनशे अंशांच्या आसपासही तग धरते, पण ते महाग पडते.

ही कॅप कशी सांभाळावी आणि कधी बदलावी यावर मुंबईत दोन पंथ आहेत. पहिला वाकोल्यासारख्या वस्तीतल्या गॅरेजचा : महामार्गाच्या पूर्वेला गल्लीतली जागा, टॅक्स्या आणि वयस्क मोटारी हे गिऱ्हाईक, आणि सुट्या भागांसाठी कालिना-कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळच. (या सीएसटीचा बोरीबंदरच्या स्थानकाशी संबंध नाही. १९२८ ते १९३४ या काळात ट्रॉम्बे-अंधेरी धावलेल्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचे नाव तेवढे रस्त्याला चिकटून राहिले.) दुसरा पंथ पाठ्यपुस्तकाचा आणि कंपनीच्या मॅन्युअलचा. पुढे पहिल्याच्या वतीने एक मिस्त्री बोलतो, दुसऱ्याच्या वतीने वाहन अभियांत्रिकी शिकवणारी एक शिक्षिका. दोघेही कल्पित आहेत. त्यांची म्हणणी मात्र रोज ऐकू येणारी.

वादाची सुरुवात बहुधा जुन्या गाडीच्या सौद्यापासून होते.

मिस्त्री : मॅडम, जुनी गाडी बघायला गेलो की मी आधी बोनेट उघडतो. गाडी चालू ठेवायची, ऑइल कॅप काढायची आणि उलटी करून तिथेच भोकावर ठेवायची. नाचायला लागली की समजायचं, बॅक कम्प्रेशन मारतेय. रिंगा गेल्या, इंजिनाचं काम निघणार.

शिक्षिका : आणि नाही नाचली तर?

मिस्त्री : तर गाडी ठीक. भाव करा आणि घ्या.

शिक्षिका : काका, माझं भांडण या ‘ठीक’शी आहे. नाचली तर निदान संशय तरी येतो. शांत बसलेली कॅप जास्त फसवते.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये रिंगा कितीही नेमक्या बसवल्या तरी ज्वलनातला थोडा वायू खाली निसटतोच. त्यालाच गॅरेजमध्ये बॅक कम्प्रेशन म्हणतात. १९६०च्या दशकापूर्वीच्या इंजिनांत हा वायू एका उघड्या नळीने सरळ रस्त्यावर सोडला जाई, आणि कित्येक ऑइल कॅपना तारेची जाळी असे, जी रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा बसवायची. पुढे धुराविरुद्धचे नियम आले तशी ही नळी बंद झाली. आता तो वायू पीसीव्ही नावाच्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून पुन्हा इनटेकमध्ये ओढला जातो आणि पेट्रोलबरोबर जळून जातो. या व्यवस्थेत ऑइल कॅप ही बंद भांड्याची एक भिंत झाली.

शिक्षिका : पेट्रोल गाडी आयडलिंगला असते तेव्हा थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. इनटेकमधली ओढ त्या वेळी बरीच जास्त, आणि ती पीसीव्हीतून इंजिनाच्या पोटापर्यंत पोचते. रिंगा बऱ्यापैकी झिजल्या असल्या तरी ती ओढ निसटलेला वायू गिळून टाकते आणि कॅप जागची हलत नाही. डिझेलला तशी ओढ नसते. तिथे धडधाकट इंजिनावरही कॅप थोडी थरथरणार.

मिस्त्री : डिझेलचा हिशोब मी वेगळा धरतो. थरथरणं वेगळं आणि उडणं वेगळं. आणि नुसत्या कॅपवर जात नाही मी, भोकावर तळहात धरतो. फुंकर सलग येतेय की हबकेहबके, हातावर तेलाचे शिंतोडे उडतायत का, धुराला वास कसला, ते बघतो.

शिक्षिका : हात तुमचा, अनुभवही तुमचा. पण चाळीस हजारांचं काम सांगताना गिऱ्हाइकाला काय दाखवणार? कम्प्रेशन गेज लावा, चार सिलिंडरचे चार आकडे कागदावर येऊ द्या. आणि त्याच्याही आधी पीसीव्ही आणि त्याचा पाइप बघा. तो तेलाच्या चिकट्याने तुंबला असला तरी कॅप उडते. तेवढ्यासाठी रिंगा कशाला काढायच्या?

या मुद्द्यावर शिक्षिकेचे म्हणणे मान्य करावे लागते. कॅपच्या नाचावरून इंजिन उघडायचा निर्णय घेणे चूकच आहे. पण मिस्त्रीची रीत अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. वाहनांना मंजुरी देताना भारतात पेट्रोल गाड्यांची एक चाचणी होते, तिला टाइप थ्री म्हणतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही अशा चाचण्या करणारी संस्था. या चाचणीत इंजिनाच्या पोटातला दाब ऑइल गेजच्या (तेलाची पातळी पाहायच्या पट्टीच्या) भोकाशी मोजतात आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा वर जाता कामा नये. त्याला पूरक म्हणून नियमातच दुसरी रीत दिली आहे : त्याच भोकाला सुमारे पाच लिटरची हवाबंद लवचीक पिशवी जोडायची आणि ती डोळ्यांना दिसेल इतकी फुगते का हे पाहायचे. फुगली नाही तर गाडी पास. भोकावर पिशवी धरणारा नियम आणि भोकावर तळहात धरणारा मिस्त्री यांच्यात तत्त्वाचा फरक नाही. नियमात गती, भार आणि वेळ ठरलेली असते, गल्लीत ती नसते, एवढेच.

चालू इंजिनाची कॅप काढल्यावर आवाज बदलतो का, ही दुसरी लोकप्रिय परीक्षा. आवाज बदलणे हे बहुधा चांगले लक्षण. बंद भांड्यात ओढ होती आणि ती तुटली, असा त्याचा अर्थ. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे, तिथे कॅपच्या वाटेने घुसलेली हवा त्याच्या हिशोबात येत नाही. मिश्रण पातळ होते, इंजिन मिसिंग मारते, आणि सैल कॅप दिवसच्या दिवस तशीच राहिली तर चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१७१ हा कोड दिसू शकतो. ज्या गाड्यांत इनटेकमधला दाब मोजतात, त्यांत तेच उघडे भोक आयडलिंग उलट वाढवू शकते. नव्या गाडीचे आयडलिंग अचानक बिघडले तर महागडे सेन्सर बदलण्याआधी ऑइल कॅप नीट बसली आहे का ते पाहावे, यावर दोन्ही पंथांचे एकमत आहे.

दुसरा वाद पावसाळ्यात रंगतो. कॅप काढून उलटी केली की आत पिवळसर पांढरा लगदा दिसतो, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा. गिऱ्हाईक घाबरते.

मिस्त्री : जुलै-ऑगस्टात हे रोजचंच. कुणीतरी मोबाइलवर बघितलेलं असतं, हेड गॅस्केट उडालं म्हणून. मी कॉटन वेस्टने पुसतो, कॅप लावतो आणि सांगतो, जा, एकदा विरारपर्यंत फिरवून आण गाडी.

शिक्षिका : आणि ज्याचं हेड गॅस्केट खरंच गेलंय, त्यालाही विरारला पाठवता?

मिस्त्री : त्याला कसा पाठवीन! त्याचं गेज काढलं की तिथेच कळतं ना.

शिक्षिका : मग पुसायच्या आधी गेज काढत जा, काका. कूलंटची पातळीही बघा. क्रम उलटा झाला तर पुरावाच पुसला जातो.

लगद्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. इंधन जळले की पाणी तयार होते. एक किलो पेट्रोलपासून साधारण १.४ किलो, आणि सीएनजीतल्या एक किलो मिथेनपासून सव्वादोन किलो. तेवढ्याच उष्णतेचा हिशोब धरला तरी मिथेनचे पाणी सुमारे ४० टक्क्यांनी जास्त भरते. यातले बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण रिंगांमधून निसटलेल्या वायूबरोबर थोडी वाफ इंजिनाच्या पोटात उतरते. तेल पुरेसे तापले तर ती पीसीव्हीतून निघून जाते. गाडी वाकोल्याहून सांताक्रूझ स्टेशनपर्यंत नेऊन परत आणून लावली, तर कूलंटचे पाणी गरम झालेले दिसते, तेल मात्र कोमटच राहते. मग वाफ सर्वांत थंड जागी पाणी होऊन तेलात मिसळते. ती जागा म्हणजे वरची प्लास्टिकची कॅप आणि तिची नळी.

यावरून सीएनजीच्या गाड्यांत लगदा सर्वांत जास्त सापडायला हवा असे शिक्षिकेचे पुस्तक सांगते. मिस्त्रीचा अनुभव नेमका उलट.

मिस्त्री : टॅक्सीची कॅप काढून बघा. महानगर गॅसवर दिवसभर पळते, आत एक थेंब पाणी नाही. लगदा सापडतो तो सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीत. रविवारी मार्केट आणि सणाला देऊळ, एवढंच जिचं रनिंग.

शिक्षिका : बरोबर आहे. पाणी किती तयार होतं त्यापेक्षा ते उडून जायला वेळ मिळतो का, हे महत्त्वाचं. टॅक्सीचं तेल बारा तास तापलेलं असतं. हे मी वर्गात सांगत नाही, सांगायला हवं.

तेव्हा लगदा फक्त कॅपखाली असेल, गेजवरचे तेल स्वच्छ असेल आणि कूलंट उतरत नसेल, तर पुसून गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवावी व आठवड्याने पुन्हा पाहावे. गेजवरही तेल दुधाळ दिसले, कूलंट कमी होत असले किंवा कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग आला असला, तर गाडी चालवू नये. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासावा. लगदा नसून काळी, खरवडावी लागेल अशी खापरी जमली असेल तर पाण्याचा संबंध नाही. तेल बदलायला फार उशीर झाला आहे, आणि जे कॅपखाली दिसते तेच खाली चेंबरच्या (तेल साठते त्या तळच्या भांड्याच्या) जाळीवरही असण्याची शक्यता आहे.

मुंबईच्या उपनगरांत याला आणखी एक प्रकरण जोडलेले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. वाकोला नाला ज्या मिठी नदीला मिळतो ती पात्राबाहेर आली, आणि कालिना-कुर्ला पट्ट्यात गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाडीत ऑइल कॅप कितीही घट्ट असली तरी एअर फिल्टर, ब्रीदर आणि गेजची नळी यांतून पाणी आत जाते. ते तेलापेक्षा जड, म्हणून चेंबरच्या तळाशी बसते आणि तेल वर उचलले जाते. गेजवर पातळी वाढलेली दिसते. या बाबतीत मिस्त्री आणि शिक्षिका एकाच सुरात बोलतात : स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चेंबरचा नट सोडायचा. पहिल्यांदा पाणी येते, मागाहून तेल.

कॅपभोवती तेल दिसले की गळती कॅपचीच, असा सार्वत्रिक समज आहे. बऱ्याच वेळा ते मागच्या सर्व्हिसला ओतताना सांडलेले असते, किंवा टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून येऊन वाऱ्याने पसरलेले. शोधण्याची गॅरेजची रीत घरगुती आहे. सगळा भाग पुसून कोरडा करायचा, कॅपच्या कडेभोवती टाल्कम पावडर भुरभुरायची आणि गाडी दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवायची. पांढऱ्या पावडरीत तेलाची काळपट रेघ जिथून सुरू होते, तिथे गळती. प्रयोगशाळेत यासाठी तेलात रंगद्रव्य घालून अतिनील दिवा धरतात. कॅपच्या कामाला पावडर पुरते, आणि शिक्षिकेचीही तिला हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या इलाजाला.

मिस्त्री : पॅकिंग चपटलं असेल तर दुकानातून मापाची ओ-रिंग आणायची. आख्खी कॅप कशाला? पैसे जास्त झालेत का लोकांना?

शिक्षिका : ओ-रिंगला मी नाही म्हणत नाही. तेलाला आणि तापाला चालणारं रबर हवं, नळाच्या दुकानातलं नको. मला राग येतो तो सिलिकॉनचा. कॅपच्या कडेला सिलिकॉन थापता, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळता.

मिस्त्री : गळती थांबते ना.

शिक्षिका : बाहेरची थांबते. पुढच्या वेळी कॅप फिरवली की सिलिकॉनचे तुकडे आणि टेपच्या चिंध्या भोकातून आत पडतात. त्या जातात चेंबरच्या जाळीवर. जाळी तुंबली की तेलाचा दाब बसतो.

मिस्त्री : टेप आमच्याकडे नवीन पोरं लावतात, मी लावत नाही.

पॅकिंगपुरता मिस्त्रीचा सल्ला रास्त आहे : कॅपच्या कडा, दात आणि आटे शाबूत असतील तर फक्त पॅकिंग बदलावे. कॅपला तडा गेला असेल, पाव फेऱ्याचे दात झिजले असतील किंवा बसल्यावर ती हातात डुगडुगत असेल, तर नवीन कॅप घ्यावी. छोट्या गाड्यांसाठी हा काही शे रुपयांचा मामला आहे. पॅकिंग पेट्रोलमध्ये बुडवून धुण्याची गॅरेजमधली सवय मात्र सोडायला हवी. त्याने रबर फुगते आणि लवकर मरते. स्वच्छ कोरडे फडके पुरते.

खरेदीत दिसण्यावर जाऊ नये. दोन मॉडेलच्या कॅप बाहेरून जुळ्या दिसतात, पण दाताची उंची थोडी कमी असली तरी पॅकिंग पुरेसे दाबले जात नाही. जुनी कॅप दुकानात घेऊन जावी आणि पार्ट नंबर जुळवावा. सीएसटी रोडवर रंगीत ॲल्युमिनियमच्या कॅपही मिळतात. शोभेपलीकडे त्यांचा उपयोग नाही, आणि त्या जोर लावून आवळल्या की प्लास्टिकच्या टॅपेट कव्हरचे आटे खातात. मग बदलावे लागते ते कव्हर.

कॅपवर बहुधा तेलाची ग्रेड छापलेली असते, जसे ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. मिस्त्री त्याकडे पाहत नाही. मुंबईत थंडी कुठे आहे, असा त्याचा सवाल, आणि दीड लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात तो जाड तेल घालतो. शिक्षिका म्हणते की डब्ल्यूनंतरचा आकडा इंजिन तापलेले असतानाच्या जाडीचा आहे, त्याचा थंडीशी संबंध नाही, आणि अलीकडच्या इंजिनांतल्या तेलाच्या वाटा त्या जाडीला धरूनच काढलेल्या असतात. या वादात शिरण्यापूर्वी एक साधी खबरदारी घ्यावी. कॅप एकदा बदललेली असेल तर तिच्यावरची ग्रेड दुसऱ्याच गाडीची असू शकते. मॅन्युअल पाहावे.

बदलण्याची कृती पाच मिनिटांची आहे. इंजिन बंद करून निवू द्यावे. कॅप उघडण्याआधी भोवतालची धूळ पुसावी, नाहीतर ती सरळ कॅमशाफ्टवर पडते. कॅप डावीकडे फिरवून काढावी आणि तिच्या पोटाशी पॅकिंग आहे याची खात्री करावी. हे वाचताना बाळबोध वाटेल, पण जुने पॅकिंग नळीच्या काठाला चिकटून राहणे आणि त्यावर नवे पॅकिंग घेऊन दुसरी कॅप चढणे, हे नव्या कॅपच्या गळतीचे नेहमीचे कारण आहे. काठावर बोट फिरवून तो साफ असल्याचे पाहावे. नव्या पॅकिंगला तेलाचे बोट लावावे, कॅप बसवून हाताने अडेपर्यंत फिरवावी. पक्कड लावू नये. गाडी चालवून आणावी, दुसऱ्या दिवशी कडेला टिश्यू पेपर फिरवावा. तो कोरडा निघाला तर काम झाले.

राहिला प्रश्न हरवलेल्या कॅपचा. तेल बदलताना कॅप बॅटरीवर किंवा बोनेटच्या कडेला ठेवली जाते आणि तिथेच विसरते. गाडी वाकोल्याचा पूल चढेपर्यंत बोनेटखालून धूर येऊ लागतो.

मिस्त्री : गिऱ्हाईक रस्त्यात अडकलं तर मी सांगतो, भोकात फडकं कोंब आणि हळूहळू ये.

शिक्षिका : आणि फडक्याचं टोक कॅमच्या चेनमध्ये गेलं तर? शिवाय तेलाने भिजलेलं कापड मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर. मॅनिफोल्ड शेकड्यांनी अंश तापलेला असतो, काका.

मिस्त्री : मग काय रस्त्यातच उभं राहायचं?

शिक्षिका : हो. गाडी बंद करून कडेला घ्यायची. तुमचा पोरगा रिक्षाने कॅप घेऊन येईल तेवढ्यात.

मिस्त्रीला हे पटायला वेळ लागतो, कारण फडके कोंबून आलेल्या आणि काही न झालेल्या गाड्या त्याने पाहिलेल्या असतात. तरी पेट्रोल पाइप आणि तापलेला मॅनिफोल्ड जिथे शेजारी आहेत, तिथे शिक्षिकेचा सल्लाच पाळावा. नवी कॅप बसल्यावर मॅनिफोल्ड आणि बेल्टवर उडालेले तेल पुसून काढावे, गेज काढून पातळी पाहावी, कमी असेल तितके तेल भरावे. जुनी कॅप बोनेटखाली कुठे अडकलेली नाही ना, हेही पाहावे. ती फॅनच्या पात्यात किंवा बेल्टमध्ये सापडली तर नुकसान कॅपच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे होते.